गाडी पुसण्याआधी निथळू द्या

काळी, गडद निळी किंवा मरून रंगाची दोन-तीन वर्षं जुनी गाडी सावलीत उभी असताना छान चकाकते. तिच्या बॉनेटवर मोबाइलचा टॉर्च धरला की मात्र उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक गोल नक्षी उमटते. टॉर्च हलवला की जाळंही सोबत सरकतं. खरं तर तिथे गोल काहीच नसतं. पृष्ठभागावर सगळ्या दिशांनी हजारो बारीक चरे असतात आणि त्यांतले जे उजेडाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून ते गोल भासतात. यातले फार थोडे चरे रस्त्यावर पडतात. बहुतेक सगळे गाडी धुताना आणि पुसताना पडलेले असतात, म्हणजे ऐन काळजी घेण्याच्या वेळी.

धुण्याबाबत लोक आता बरेच सावध झालेत. दोन बादल्या, गाडीचा शाम्पू, मायक्रोफायबरचा हातमोजा वगैरे घराघरांत आलं. शेवटची दहा मिनिटं मात्र अजूनही जुन्या बनियनच्याच ताब्यात असतात.

आपण नेमकं कशावर हात फिरवतो ते आधी पाहू. पत्र्यावर गंज रोखणारा एक थर असतो, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतं. त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे गाडीची चमक आणि उन्हापासूनचं संरक्षण केसाच्या अर्ध्या जाडीवर तगून असतं. हा थर म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि मोहसच्या काठिण्य-मापावर क्वार्ट्झचा आकडा ७ आहे, साध्या स्टीलच्या सुरीचा साडेपाचच्या आसपास. असा एक कण फडक्याखाली अडकला आणि फडकं बॉनेटभर फिरलं, तर बोटाच्या जोराइतका चरा नक्की पडतो. नंतर पॉलिश मारून चरे घालवता येतात, पण पॉलिश म्हणजे क्लिअर कोटच थोडा घासून चऱ्याच्या तळापर्यंत आणणं. दर वेळी एक-दोन मायक्रॉन जातात, रबिंग कंपाउंड असेल तर त्याहून जास्त. हा साठा परत भरून येत नाही.

मग पुसायचंच कशाला, आपोआप वाळू द्यावी, असं कुणी म्हणेल. तेही चालत नाही, कारण पाणी उडून जातं आणि पाण्यात विरघळलेलं जे असतं ते मागे राहतं. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा कडक थर बसतो तोच हा. पाण्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट वाळताना कार्बोनेट होऊन बसतं, आणि ते नुसत्या पाण्याने परत विरघळत नाही. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात विरघळलेल्या क्षारांची, म्हणजे टीडीएसची, इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतलं जातं. समजा बोअरच्या पाण्याचा टीडीएस १५०० आहे आणि धुतल्यावर गाडीच्या अंगावर अर्धा लिटर पाणी राहिलं. ते तसंच वाळलं तर पाऊण ग्रॅम क्षार गाडीवर बसले. चिमूटभरच, पण एकसारखे पसरलेले नाहीत, थेंबाथेंबाने बसलेले. त्यातही थेंब कडेने आधी सुकतो आणि आतला माल कडेकडे ओढला जातो, म्हणून मध्ये स्वच्छ आणि भोवती पांढरं कडं असा डाग दिसतो. टेबलावर सांडलेल्या चहाच्या थेंबाचं जे होतं तेच.

टीडीएस मोजायचं पेनासारखं यंत्र ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतं. सोसायटीत सकाळी पालिकेचं पाणी आणि दुपारनंतर टँकरचं असेल, तर दोन्ही मोजून पाहा. मुंबईत तलावांचं किंवा पुण्यात खडकवासल्याचं पाणी बोअरच्या मानाने बरंच मऊ असतं. टँकरमध्ये बहुधा विहिरीचं किंवा बोअरचं येतं. एकाच नळाला सकाळ-संध्याकाळ वेगळं पाणी येत असेल, तर गाडी कधी धुवायची हे त्यावरूनच ठरवावं.

म्हणजे पाणी काढायचं, पण घासायचं नाही. मराठीत यासाठी क्रियापदांची रांगच तयार आहे: निथळणं, उडवणं, टिपणं, पुसणं, घासणं. जितकं डावीकडे काम उरकेल तितका रंग वाचतो. अंगाला हात न लावता जे पाणी जाईल ते फुकटात गेलं.

निथळू देणं

धुणं संपल्यावर पाइपच्या तोंडाचा फवारा काढून टाका. बारीक फवारा पत्र्यावर हजारो सुटे थेंब ठेवतो, आणि ते प्रत्येक वेगळं टिपावं लागतं. फवारा काढलेल्या पाइपातून पाणी शांत, जाड धारेने टपावर सोडा. पाइपचं तोंड पत्र्यापासून वीतभर अंतरावर ठेवा आणि मधून कडेकडे सावकाश न्या. पाण्याची सलग चादर उतरताना दिसेल आणि ती जाता जाता वाटेतले थेंब स्वतःत ओढून घेईल. टप, मागची-पुढची काच, बॉनेट, डिकी आणि मग दोन्ही बाजू, सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. वॅक्स किंवा कोटिंग शाबूत असेल तर निम्म्याहून जास्त पाणी इथेच उतरतं. पाइप नसेल तर रुंद तोंडाच्या जगाने किंवा मोठ्या तांब्याने हळूच ओतलं तरी तेच होतं. सपकारा मात्र मारायचा नाही.

जड, म्हणजे जास्त क्षारांच्या पाण्याच्या भागात ही शेवटची धार हलक्या पाण्याची असेल तर अर्धं दुखणं इथेच संपतं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी त्यासाठी उत्तम. ते हवेतल्या बाष्पाचं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतात, आणि दमट हवेत दीड टनाचा एसी रात्रभरात बादलीत सहज काही लिटर टाकतो. कॉइलवरची धूळ त्यात उतरलेली असते, म्हणून मलमलच्या दुहेरी कापडातून गाळून घ्या. पावसाचं पाणीही चालतं, पहिल्या एक-दोन सरींचं सोडून. पाच लिटरच्या बागेच्या फवारणी पंपात भरून, नोझल सैल करून ते वरून खाली सोडलं की एका गाडीला पुरतं. शेतावरचा औषध मारलेला पंप मात्र यासाठी आणू नका.

आणि इथेच एक चूक मोठ्या प्रेमाने केली जाते. आरओ मशिनचं वाया जाणारं पाणी साठवून त्याने गाडी धुतात. पाणी वाचवणं चांगलंच आहे, पण आरओने क्षार बाजूला काढून ज्या पाण्यात ढकलले तेच हे पाणी, नळाच्या पाण्याहून जास्त खारं. सुरुवातीला चिखल काढायला, चाकांना, पायदानांना ते बिनधास्त वापरा. रंगावरून शेवटचं फिरवायला नको.

उडवणं

हाताने धरायचा विजेचा ब्लोअर, जो कॉम्प्युटर आणि एसीच्या जाळ्या साफ करायला मिळतो, तो या कामाला पुरतो. तोंड पत्र्यापासून १५-२० सेंटिमीटरवर, तिरकं धरा आणि पाणी वरून खाली हाकत न्या, झाडूने पाणी लोटतो तसं. सगळी गाडी त्याने कोरडी करायचा अट्टहास नको. त्याची खरी गरज फटींना आहे: आरसे, दाराच्या मुठी, मागचे दिवे, कंपनीचं बोधचिन्ह, नंबरप्लेट, जाळी, काचेखालची रबरपट्टी, इंधनाच्या टाकीचं झाकण. पुसून झालेल्या गाडीवर अर्ध्या तासाने ज्या पांढऱ्या रेघा ओघळलेल्या दिसतात त्या याच जागांमधून येतात. आरशाच्या घरात साठलेलं पाणी तर हमखास दगा देतं. आरसा हाताने हलकेच हलवून, दोन्ही कडांमधून हवा मारून ते आधी बाहेर काढा.

ब्लोअर हवा मागून खेचतो, त्यामुळे तो जमिनीजवळ धरला तर पार्किंगमधली धूळ ओल्या दारावर येऊन बसते. वायर आणि एक्स्टेन्शनचा जोड ओल्या फरशीवर पडू देऊ नका, पायात रबरी चप्पल असू द्या. सर्व्हिस सेंटरचा कॉम्प्रेसर वापरणार असाल तर पहिली काही सेकंद हवा बाजूला सोडा, कारण टाकीत साठलेलं पाणी आणि तेलाचा अंश आधी बाहेर येतो. केस वाळवायचा ड्रायर या कामाचा नाही. त्यात वारा कमी आणि उष्णता जास्त, म्हणजे पाणी जागच्या जागीच वाळणार.

टिपणं

आता कापड. सुती पंचा, बनियन, जुनी साडी यांची तक्रार मऊपणाची नाही. धुऊन धुऊन मलमल झालेली साडी हाताला मायक्रोफायबरहून मऊ लागते. पण सुती धाग्याचा पृष्ठभाग सपाट असतो, कण त्याच्या आणि रंगाच्या मध्ये दाबला जातो. मायक्रोफायबर हे पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड यांचं मिश्रण, बहुधा ८०-२० किंवा ७०-३० प्रमाणात. त्याचे चिरलेले अतिबारीक तंतू पाणी फटींमध्ये ओढून घेतात आणि एखादा कण राहिला असेल तर तो झुबक्याच्या आत शिरायला जागा मिळते. कणाला आत जायला जागा आहे की नाही, सगळा फरक एवढाच आहे. पिवळी, ओली ठेवायची पीव्हीएची शॅमी, म्हणजे स्पंजासारखं सपाट फडकं, पाणी भरपूर शोषते, पण ती सपाट आणि रंगाला चिकटून ओढली जाणारी. काचांसाठी छान, रंगासाठी नको. काचेचं पाणी ओढायचा रबरी वायपर बॉनेटवर फिरवणारे पाहिले की पोटात गोळा येतो. पट्टीखाली एक कण आला की पट्टी थांबेपर्यंत सरळ रेघ.

गाडी टिपायला दोन टॉवेल लागतात. मोठा साधारण ६० बाय ९० सेंटिमीटरचा, पिळदार झुबक्यांचा, ६०० जीएसएम किंवा त्याहून जाड. दुसरा ४० बाय ४० चा, दारांच्या आतल्या चौकटी आणि फटींसाठी. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. पण नुसता आकडा पाहून घेऊ नका, कडा पाहा. जाड नायलॉनच्या दोऱ्याने शिवलेली कड आणि कंपनीचं लेबल हेच ओरखडे काढतात. लेबल कापून टाका. शंका असेल तर घरात पडलेल्या जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर टॉवेल जरा दाबून दहा-बारा वेळा फिरवा आणि उजेडात धरा. सीडीवर चरे उमटले तर तो टॉवेल फरशीचा. नवा टॉवेल पहिल्यांदा वापरण्याआधी एकदा धुवावा, त्याचे सुटे धागे निघून जातात.

कोरडाठक टॉवेल सुरुवातीला पाणी पटकन घेत नाही, म्हणून त्यावर दोन-तीन फवारे पाणी मारून किंचित दमट करा. मग बॉनेटवर चादर अंथरावी तसा पूर्ण उघडून पसरा. दोन-तीन सेकंद थांबा. जवळची दोन टोकं चिमटीत धरून सरळ आपल्याकडे ओढा, वरून हात न ठेवता, नुसत्या टॉवेलच्या वजनाने. एका ओढीत बॉनेटचा अर्धा भाग कोरडा होतो. टप आणि डिकीलाही असंच. उभ्या दारांवर टॉवेल टिकत नाही, तिथे चार घड्या घालून बाळाला थोपटावं तसं थोपटत जा: टेकवा, उचला, पुढे. चार घड्यांचा टॉवेल उलटसुलट करत आठ कोऱ्या बाजू देतो. गोल गोल फिरवायची सवय हाताला लागलेली असते, ती मोडायला दोन-तीन रविवार जातात.

क्रम वरून खाली. टप, काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा भाग. दारांचा खालचा एक तृतीयांश भाग आणि बंपरच्या कडा शेवटी, कारण धुऊनही सगळ्यात जास्त वाळू तिथेच राहते. तिथे लागलेली टॉवेलची बाजू पुन्हा वर न्यायची नाही. चाकांचं फडकं वेगळं, शक्यतो वेगळ्या रंगाचं. ब्रेकच्या धुळीत लोखंडाचे कण असतात. टॉवेल हातातून खाली पडला तर झटकून चालत नाही, तो त्या दिवसापुरता बाद. पाण्याच्या पाचव्या बादलीसाठी जिना उतरणारा माणूससुद्धा पडलेला टॉवेल मात्र झटकून परत वापरतो, हे कोडं आहे.

स्प्रे वॅक्स किंवा क्विक डिटेलर (फवारून पुसायचं चकाकीचं द्रव) हाताशी असेल तर टिपण्याआधी ओल्या पत्र्यावरच दर भागाला दोन फवारे मारा. त्याने टॉवेल आणि रंग यांच्यात निसरडा पदर येतो आणि जड पाण्याचे डागही कमी धरतात. जास्त मारलं तर काचेवर आणि काळ्या रंगावर धुरकट पट्टे दिसतात, म्हणून दोनच.

टिपताना टॉवेलवर तपकिरी रेघ दिसली तर थांबा. गाडी नीट धुतली गेलेली नाही, तो भाग पुन्हा शाम्पूने धुवायचा. टॉवेल जोरात फिरवून तो स्वच्छ करायला जाणं म्हणजे त्याच मातीने पॉलिश मारणं.

हे सगळं सावलीत, आणि पत्रा थंड असताना. उन्हात उभ्या काळ्या गाडीचा पत्रा ६०-७० अंशांपर्यंत सहज तापतो. पालथा हात पाच सेकंद ठेववत नसेल तर पाणी ओतूच नका, तुम्ही डाव्या दाराशी पोचेपर्यंत उजवीकडचे डाग बसलेले असतील. सावली अजिबात नसेल तर एका वेळी गाडीचा एकच भाग धुवा, निथळू द्या, टिपा, मग पुढचा. थेंब भिंगासारखे ऊन एकवटून रंग जाळतात असं ऐकायला मिळतं. पसरट थेंबाचा केंद्रबिंदू पृष्ठभागाच्या बराच खाली पडतो, त्यामुळे ते कारण नव्हे. तापलेल्या पत्र्यावर घट्ट होत जाणारे क्षार हेच कारण पुरेसं आहे. सिरॅमिक कोटिंग आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. कोटिंगवर पाणी टपोऱ्या थेंबांत उभं राहतं, झटकन निथळतं हे खरं, पण जे थेंब राहतात त्यांतले क्षार छोट्या जागेत दाट बसतात. मॅट रंगाच्या गाडीवर मात्र फक्त थोपटायचं, ओढायचंही नाही. तिथे एकदा चकाकलेला डाग पॉलिशने परत मॅट होत नाही.

डाग पडलेच तर ते किती जुने आहेत त्यावर इलाज. ताजे असतील तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन कापड भिजवा, थंड पत्र्यावरच्या डागावर मिनिटभर नुसतं ठेवा आणि भरपूर पाण्याने धुऊन टाका. घासू नका. व्हिनेगर तिथलं वॅक्सही ढिलं करतं, तेव्हा त्या जागी ते पुन्हा लावावं लागतं. दोनदा करूनही कड्याची खूण राहिली तर क्षारांनी क्लिअर कोट खाल्लेला आहे, मग पॉलिशवाल्याकडेच जायचं. संडास-बाथरूमचं अ‍ॅसिड काचेवरचे डाग काढायलाही वापरू नका. ते ओघळून क्रोमच्या पट्ट्या आणि अ‍ॅलॉय चाकांवर जातं आणि तिथे धुऊन न निघणारे करडे चट्टे पाडतं.

एवढं सगळं रविवारी नेमाने केलं, तरी सोसायटीत रोज सकाळी एका बादलीत वीस गाड्या पुसल्या जातात तो प्रश्न उरतोच. पहिल्या गाडीची माती विसाव्या गाडीवर जाते. पुसणाऱ्या काकांचा यात दोष नाही. महिन्याला मिळणाऱ्या पैशांत आणि पाण्यात याहून वेगळं करता येत नाही. त्यांना सांगून पाहा की रोज फक्त काचा आणि आरसे पुसा, बाकी गाडीला फडकं लावू नका. पैसे तेवढेच द्या. आपले दोन टॉवेल त्यांच्याकडे दिले तर त्यांचंही काम हलकं होतं, फक्त ते त्याच बादलीत पिळले जाणार नाहीत एवढं बोलून ठेवा. पावसाळ्यात सर येऊन गेल्यावर ओली गाडी घाईने पुसणं हाही तोच प्रकार, कारण वरची धूळ गेलेली नसते, भिजून चिखल झालेली असते. आधी साध्या पाण्याची धार, मग टॉवेल. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यालगत तर खारं पाणी आणि वाळू दोन्ही, तिथे कोरडं किंवा दमट फडकं धुण्याआधी लावूच नये.

टॉवेल वापरून झाला की त्याच दिवशी धुवा. घरच्या सुती कपड्यांत टाकला तर त्यांचे सुटे धागे त्याच्या तंतूंत कायमचे अडकतात. पातळ डिटर्जंट थोडंसं, पाणी कोमट, चाळीस अंशांच्या आत. ब्लीच नको, आणि कपडे मऊ करणारं फॅब्रिक कंडिशनर तर नकोच. ते तंतूंवर पातळ थर चढवतं, मग टॉवेल पाणी शोषण्याऐवजी नुसतं पसरवत बसतो. सावलीत वाळवा. धुळीच्या गॅलरीत वाळवला तर आठवडाभर जमलेली धूळ पुढच्या रविवारी बॉनेटवर येईल, त्यापेक्षा घरात पंख्याखाली बरा. वाळला की झिपच्या पिशवीत.

गाडी टिपून झाल्यावर चारही दारं, डिकी आणि बॉनेट एकेकदा उघडून लहान टॉवेलने आतल्या कडा टिपा. दार उघडताना आत छपछप आवाज आला तर खालच्या कडेची निचऱ्याची छिद्रं मातीने किंवा पाल्याने बुजली आहेत; प्लास्टिकच्या झिपटायने ती मोकळी करा, नाहीतर दार आतून गंजत जातं. मग गाडी सावकाश दोन-चारशे मीटर चालवून ब्रेक हलके तीन-चार वेळा दाबा. ओल्या डिस्कवर रात्रीतून तांबूस गंज धरतो, आणि मागे ड्रम ब्रेक असतील तर ओल्यातच हँडब्रेक ओढून ठेवल्याने लायनर ड्रमला चिकटू शकतात. सपाट जागा असेल तर त्या रात्री हँडब्रेक न लावता गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला विटेचा अडसर लावा. गाडीवर कव्हर घालायचं असेल तर ते दुसऱ्या दिवशी, फटींमधलं पाणी पुरतं वाळल्यावर.